दारू, पर्सिमन आणि एक्केचाळीस हजार वाचक

जपानमधल्या यामागाताच्या एका शेतकी कॉलेजात कुरुमिझावाबाईंचं काम एकच: कॉलेजचा वार्षिक अंक काढायचा आणि त्यातला प्रत्येक लेख इंटरनेटवर फुकट ठेवायचा. सव्वीस वर्षं बाईंनी ते निमूट केलं. प्राध्यापक मंडळी मात्र आपल्याच अंकाला नाकं मुरडायची. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

हिरागासर डीन झाले आणि त्यांनी फर्मान काढलं, "अंक बंद. त्याला काळं कुत्रं विचारत नाही." बाईंची नेमणूक अंकापुरतीच, म्हणजे अंकाबरोबर त्यांचीही गच्छंती ठरलेली.

सरांचा तोरा काय सांगावा! परदेशातल्या बड्या नियतकालिकात त्यांचा लेख आला होता. लिहायचा यांनी, तपासायचा यांच्यासारख्याच कुणीतरी फुकटात, रंगीत चित्रांचे सहा लाख येन भरायचे कॉलेजनं, आणि वाचायचा तर पुन्हा पैसे मोजायचे. लग्नात आहेर द्या आणि जेवणाचं बिलही तुम्हीच भरा, अशातली गत.

अंक बंद करायच्या ठरावाच्या बैठकीत बाई चहा ओतत होत्या. सरांनी उपचार म्हणून विचारलं, "बाई, आकडे आणलेत? काय वाचतात लोक?"

"सगळ्यात जास्त, 'दारू शिंपडून पर्सिमन फळाचा तुरटपणा कसा घालवावा'. एक्केचाळीस हजार वेळा."

"काय सांगता! कुणाचा लेख?"

"तुमचाच, सर. तिशीच्या आत लिहिलेला."

असल्या साध्या विषयाच्या लाजेपोटी सरांनी तो आपल्या लेखांच्या यादीतून केव्हाच उडवला होता.

"पण वाचतं कोण?"

"शेतकरी. स्पेनमधले, तुर्कस्तानातले. आपल्या इथल्या शोनाई भागातले तर हंगामात रोज."

सरांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. पण सवय कुठली जाते! "अहो, मग पैसे लावा की! माणशी तीन हजार येन."

सव्वीस वर्षांत बाई त्या खोलीत उलट बोलल्या नव्हत्या. आता खुर्ची जाणारच होती, मग भीड कसली?

"तुमच्या परदेशी लेखाला लावलेत तसेच ना? वर्षात तो नऊ वेळा उघडला गेलाय, सर. त्यातल्या सात वेळा तुमच्याच खोलीतून."

बैठकीतले सगळ्यात म्हातारे प्राध्यापक त्सुकुदासर, त्यांना चहाचा असा ठसका लागला की दोघांना पाठ चोळावी लागली.

जरा वेळानं हिरागासर खाली वाकून हळूच म्हणाले, "बाई, तो पर्सिमनचा लेख... जरा सगळ्यात वर दिसेल असा ठेवता येईल का?"

"ठेवीन की. पण अंक राहिला तर ना, सर."

सरांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला आणि चहाचा पेला पुढे केला.