बाबा स्टेशनवर होते

मला कॅनडाला पाठवायला बाबा भाईंदर स्टेशनपर्यंतच आले. एअरपोर्टला टॅक्सी करू, असं नवरा दोनदा म्हणाला. पण गोडदेवच्या आमच्या घरातली लेक सासरी जाते ती स्टेशनवरून आणि माहेरी येते तीही स्टेशनवरच, हा बाबांचा नियम. त्यामुळे चार मोठाल्या बॅगा, नवऱ्याचं फुगलेलं तोंड आणि मी, असे आम्ही अंधेरीपर्यंत लोकलने गेलो. गाडी सुटताना बाबा एवढंच म्हणाले, "येताना कळव. मी हाय ठेसनावर."

इंग्रजांच्या काळापासूनचं ते स्टेशन त्यांना अंगणासारखं होतं. तरुणपणी मिठागरातल्या गोण्या त्यांनी तिथेच वॅगनमध्ये चढवल्या होत्या. पुढे मिठागर गेलं, टॉवर आले, नवे पूल झाले, पण बाबांची उभं राहायची जागा बदलली नाही: पूर्वेला, जुन्या पुलाच्या पायऱ्यांपाशी. माझ्या आत्याला सासरहून आणायला आजोबा मुऱ्हाळी म्हणून तिच्या गावी जायचे. बाबांना टोरांटोला येणं जमणार नव्हतं, म्हणून ते मुऱ्हाळीपण स्टेशनवर उभं राहून करायचे. पहिल्या दोन खेपांना मी उतरले तेव्हा ते होतेच. माझी बॅग ओढत पुढे चालायचे आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचे, लेक आली.

इकडे आमच्या सबर्बलाही स्टेशन आहे. स्वच्छ, वेळेवर आणि मेल्यासारखं शांत. न्यायला येणारा पार्किंगमध्ये गाडीतच बसून मेसेज टाकतो. माझ्यासारख्या इथे आलेल्या बायांनो, खरं सांगा, तुम्हालाही हे हळूहळू बरंच वाटायला लागलं ना? मला लागलं.

तिसऱ्या खेपेला मी येण्याचा दिवस घरी कळवला होता, पण ऐनवेळी फोनवरून कॅब बुक केली, ते न सांगताच हायवेने सरळ दारात उतरले. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, गरम पाणी काढलं. बाबा दिसेनात. मी विचारलं तर म्हणाली, अगं, ते पहाटेच गेलेत ठेसनावर. त्यांचा फोन घरातच चार्जिंगला होता.

इथवरची चूक कुणाकडूनही झाली असती. पुढची माझी आहे. रिक्षाने स्टेशन दहा मिनिटांवर होतं. मी आंघोळ केली. बोंबलाचं कालवण आणि भाकरी पोटभर खाल्ली. डोळे मिटत होते, जेटलॅग होता, आणि आई म्हणाली, "येतील गं ते. तू नीज जरा." मला हवं होतं तेच ती बोलली. मी झोपले.

दुपारी जाग आली तेव्हा बाबा ओटीवर बसले होते. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. विरारची प्रत्येक गाडी त्यांनी पाहिली होती. रागावले नाहीत. "जेवलीस ना?" म्हणाले. मी हो म्हटलं आणि लाज इतकी वाटली, की माफी मागायचंही राहून गेलं. ती आजवर राहिलीय.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम ट्रेनने आले. आईला गाडीची वेळ दोनदा कळवली. पायऱ्यांपाशी बराच वेळ थांबले. माणसं मला वळसा घालून जात होती. शेवटी बॅगा ओढत घरी गेले, तर बाबा झोपाळ्यावर पेपर वाचत होते, तब्येतीने ठणठणीत.

"आला नाहीत?" मी विचारलं.

"तुला रस्ता म्हायती हाय ना," ते म्हणाले आणि पान उलटलं.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही गेलो तेव्हा तुटलो. नाही. मी त्या दुपारी, पोटभर जेवून, माहेरच्या उशीवर झोपले तेव्हा तुटले. आता फोनवर बाबा माझी येण्याची वेळ विचारत नाहीत. परत कधी जाणार ते विचारतात, म्हणजे किती दिवसांची मासळी आणायची ते ठरवता येतं. आणि मी मुकाट्याने परतीची तारीख सांगते.