कोपऱ्यातला क

टॅब आल्यापासून माझ्या पहिलीच्या वर्गातली सायली एकदम हुशार झाली होती. 'क' कुठे आहे, असं टॅबने विचारलं की तिचं बोट अचूक पडायचं आणि आतून टाळ्या वाजायच्या. काल मी फळ्यावर 'क' काढून विचारला, तर तिला तो ओळखताच येईना.

"अगं, रोज येतं ना तुला?" माझा आवाज चढलाच.

"बाई, तिथं कोपऱ्यातला दाबला की टाळ्या वाजतात."

टॅबचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. महिनाभर मी पडद्यावरचे गुणच बघत राहिले; तिच्या बोटाकडे कधी नीट पाहिलंच नाही. तिचा हात धरून पाटीवर 'क' गिरवून घेतला. मग तिने एकटीने काढला आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "बरोबर आला का, हे आता कोण सांगणार?"