ढिला हात

चंद्रभानने जन्मभर कारखान्यात बोल्ट आवळले. जीभ आवळायला मात्र तो कधी शिकला नाही. मराठवाड्यातून बोईसरला आला, फिटर म्हणून निवृत्त झाला, तिथेच सरावलीत दोन खोल्या बांधल्या, आणि एकुलत्या भाग्येशला एकच पाढा ऐकवत राहिला, "तुझा हात ढिला हाय. मुठीत दमच न्हाई." पोरगं मोठं झालं, स्वतः बाप झालं, तरी मान खाली घालून ऐकून घ्यायचं.

हिवाळ्यात काविळीने भाग्येश गेला. मागे राहिली बायको प्रतीक्षा, लहानगी स्वरा आणि दारातली जुनी गाडी. आता प्रतीक्षाला पालघरला नोकरी लागली होती. सोमवारपासून स्वराला घेऊन ती स्वतः गाडी चालवत जाणार होती, आणि ब्रेक दाबला की चाक किंचाळत होतं. नातीच्या जिवाचं काम परक्या हाती द्यायला चंद्रभानचं मन घेईना. ब्रेकचे पॅड घरीच बदलायचे ठरले.

जॅक लावून त्याने चाक काढलं. आतला एक बोल्ट काही केल्या सुटेना. पान्याला पाइप अडकवून जोर दिला, तर डोकंच तुटून हातात आलं.

"गंजला असंल," ओट्यावरून त्याची बायको रखमाबाई म्हणाली. "हितलं खारं वारं लोखंड खातं."

चंद्रभानने तुकडा उन्हात धरून पाहिला. गंजाचा ठिपका नव्हता.

"गंज न्हाई. आवळलाय. लई आवळलाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाग्येशनेच ते पॅड बसवले होते. तेव्हाही चंद्रभान मागे उभा राहून बोलला होता, "बघ, ढिल्या हातानं चाक निखळंल एक दिवस." पोराने वर न बघता सारा भार पान्यावर टाकला होता. बापाचं ऐकलं होतं, जरा जास्तच ऐकलं होतं. चंद्रभानला रडू फुटलं.

मग डोळे पुसून त्याने अडकलेल्या तुकड्यात भोक पाडलं, त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर ठोकून, उलटा फिरवत तुकडा बाहेर काढला. नवे पॅड बसवून नवा बोल्ट मात्र त्याने बोटांनीच फिरवला, पाना लावला नाही. त्याने सुनेला हाक मारली.

"तूच आवळ, पोरी."

प्रतीक्षाने आवळला. त्याने पाना लावून तपासलं. जितका हवा तितकाच होता.

"शाबास," तो म्हणाला.

प्रतीक्षाने हात पुसले. "स्वराचे पप्पा याच शब्दाची वाट बघायचे, बाबा," ती हळूच म्हणाली.

चंद्रभानने चाक चढवलं, पण डोळ्यांतल्या पाण्याने पुढचं काही दिसेना. नट तिनेच एकेक करून आवळले.