लिमिटकाकूंचा मधला भाव

उलव्याच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे लिमिटकाकू म्हणत. शेअर बाजारातल्या ऑप्शनचा सौदा त्या कधी बाजार देईल त्या भावाला करत नसत. आपला भाव आपण टाकायचा, म्हणजे लिमिट ऑर्डर लावायची, आणि वाट बघायची, अशी त्यांची रीत. बँकेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या गुहागरकडच्या. मोबाइल नाकाशी धरून आकड्यांशी पुटपुटायच्या, "येशील रे, येशील. जातोयस कुठे!"

तळोज्यातली माझी कंपनी बंद पडली आणि मी घरबसल्या शेअर्सच्या ऑप्शनचे सौदे करू लागले. एकदा समोरच्या फ्लॅटमधून काकू घावन घेऊन आल्या, तेव्हा मी घाईघाईने खरेदीचं बटण दाबणार होते. त्यांनी माझा हात धरला. घेणारा बारा रुपये देतोय, विकणारा पंधरा मागतोय. सरळ बटण दाबलंस तर पंधराच जातील, असं त्यांनी समजावलं. "गिऱ्हाईक कमी असलं की दोघांच्या भावात अशी दरी असते. तू मधे साडेतेरा टाकून बघ." थोडं थांबून, थोडं वर सरकून सौदा पावणेचौदाला झाला. मिळालेल्या भावापेक्षा मला त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंदच जास्त आठवतो.

मग रोज सकाळी मी त्यांच्याच हॉलमध्ये बसू लागले. काका झोपाळ्यावर पेपर वाचत असायचे. एकदा म्हणाले, हिने लग्नाला होकार द्यायलाही मला दोन वर्षं ताटकळत ठेवलं होतं. काकूंनी मोबाइलवरची नजर न काढता विचारलं, "मग, तोटा झाला का?" काका कितीतरी वेळ हसत होते.

भाव हुकला की मी चिडायचे. काकू मात्र शांतपणे मटार सोलायला घ्यायच्या. भावामागे धावायचं नाही, उद्याही बाजार उघडणारच आहे, असं त्यांचं म्हणणं.

एका दुपारी काकांना धाप लागली. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. काकूंचा मोठा सौदा उघडा होता, आणि घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांत त्या दिवशी खूपच अंतर होतं. त्यांनी मोबाइल उचलला, बाजारभावाला सगळं विकून टाकलं आणि काय भाव मिळाला तेही न बघता काकांच्या चपला शोधू लागल्या. मी काही बोलणार, एवढ्यात त्याच म्हणाल्या, "आज मिळेल तो भाव."

काका घरी परत आले नाहीत.

काकूंनी त्यानंतर सौदा केला नाही. फ्लॅट भाड्याने देऊन त्या मुलाकडे नाशिकला गेल्या. सामानाचा टेम्पो निघाल्यावरही त्या माझ्या दारात उभ्या होत्या. तुझ्या हाताला घावन जमत नाहीत, पीठ पातळ ठेवत जा, एवढंच म्हणाल्या.

आता मी माझ्याच हॉलमध्ये बसते. मधला भाव टाकते, थांबते. ते थांबणं आता फार लांबतं. मागच्या आठवड्यात एक सौदा छान जमला, म्हणून त्यांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू यायच्या आधीच हे तिघांचा चहा टाकून ठेवायचे. आणि मला वाटायचं, आपण बाजारासाठी बसतो."