मलप्पाच्या शेजारची पणती

प्रेमलाबाईंच्या हातात मोबाईल आला तो होस्टेलपायी. लातुरात क्लासेसची गर्दी वाढली, तसे मुलाने घराचे वरचे मजले शिकणाऱ्या मुलींना भाड्याने दिले आणि आईला मुलींच्या ग्रुपवर घातलं. पाणी कधी येणार, गेट कधी बंद होणार, एवढंच त्यावर असे. सगळ्या काकू म्हणत. एखादीचं नाव तोंडात बसेपर्यंत ती पुढच्या शिक्षणाला निघून गेलेली असे.

वसंतराव वारल्यापासून घरात बोलायलाच कोणी नव्हतं. मुलाला वेळ नसे. वसंतराव होते तेव्हाही एक गोष्ट कधी निघाली नव्हती. प्रेमलाबाईंचं हे दुसरं लग्न. पहिलं औश्यापलीकडच्या एका गावात, मलप्पाशी झालं होतं आणि पावसाळा सरायच्या आत संपलं होतं. गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंपाने घरं खाली आणली. सासरचं कोणी उरलं नाही. जवानांनी प्रेमलाबाईंना ढिगाऱ्यातून बेशुद्ध काढून सोलापूरच्या दवाखान्यात पाठवलं. तिथून वडिलांनी त्यांना परस्पर माहेरी, नायगावला नेलं. वसंतरावांचं स्थळ आलं तेव्हा वडील म्हणाले, "आता त्याचं नाव घरात काढायचं न्हाई."

त्यांनी काढलं नाही. पुढे पुढे मलप्पाचा चेहराही आठवेना. लग्नाचे फोटो त्या घराखालीच राहिले होते.

एका दुपारी त्यांनी फेसबुकवर गावाचं नाव टाकलं. पडक्या वेशीचा फोटो आला, खाली एक नंबर: जुन्या गावचे कोणी असाल तर आमच्या ग्रुपवर या. कुणाकडे तरी मलप्पाचा एखादा फोटो असेल, एवढ्या आशेवर त्यांनी लिहिलं, 'मी मलप्पाची बायको.'

ग्रुप चालवणारा केरबा पुण्यात रिक्षा चालवत असे. त्याचं उत्तर आलं, 'बाई, ती तर त्याच राती गेली. मेलेल्याच्या नावावर फसवाफसवी करू नका.'

'मी गेले नाही.'

'मग सांगा, वेशीतून आत शिरलं की पहिलं घर कोणाचं?'

हे त्यांना कुठून माहीत असणार? नवी सून. वेस पाहिली ती एकदाच, वरातीत, तीही पदराखालून. त्यांचं गाव म्हणजे मागचं परसू. त्यांनी तसंच लिहिलं. 'समोरचं मला काही ठाऊक नाही. परसाच्या भिंतीला भगदाड होतं. शेजारच्या कस्तुराबाई त्यातून वाटी द्यायच्या. गणपती बुडवले त्या संध्याकाळी गव्हाची हुग्गी दिली होती. गूळ कमी पडला म्हणाल्या.'

केरबाने ते ग्रुपवर टाकलं आणि त्यांनाही आत घेतलं. मग एक आवाज आला, धाप लागलेला.

"वाटी कुठाय माझी?"

प्रेमलाबाईंनी बटण दाबून धरलं. "तिथंच राहिली, मावशी. घासून ठेवली होती. सकाळी देणार होते."

पुढचा आवाज निम्मा रडण्याचाच होता. "जित्ती हाईस व्हय गं! आन् मी येडी दरसाल तुमच्या जाग्यावर दोन पणत्या लावत राहिले. एक मलप्पाची, त्येच्या शेजारी तुझी. नावबी ठावं नव्हतं तुझं. मलप्पाच्या बायको, घे बाई, म्हणायची."

मलप्पाचा फोटो कुणाकडेच नव्हता. केरबाने एवढंच सांगितलं, "हसताना मान लई वाकडी करायचा." प्रेमलाबाईंना मान आठवली. चेहरा नाही.

पण त्या ग्रुपवर राहिल्या. दहा-बारा माणसं, कोणी पुण्यात, कोणी भिवंडीत, कस्तुराबाई पुनर्वसनाच्या गावात. सकाळी केरबा विचारी, "भूतकाकी, चहा झाला का?" त्या लिहीत, 'भुताला कुठला चहा, मेल्या!' वसंतरावांच्या घरात असं त्यांना कोणी चिडवलं नव्हतं. ज्या घरात त्या आयुष्यभर राबल्या तिथे त्या कोण, हे अर्धंच माहीत होतं. इथे सगळं माहीत होतं.

भूकंपाचा दिवस आला. संध्याकाळी कस्तुराबाईंकडून फोटो आला. बाभळी, दगड आणि एकच पणती. वाऱ्याने ज्योत आडवी झालेली.

प्रेमलाबाई बघत राहिल्या. इतकी वर्षं मलप्पाच्या शेजारी कोणीतरी होतं. आपण जिवंत निघालो आणि तो एकटा पडला.

"मावशी, माझीपण लावायची होती."

"येडी का काय? जित्या माणसाची लावत्यात व्हय?"

केरबा म्हणाला, "भूतकाकी, सुटली की तुमची ड्यूटी!"

प्रेमलाबाई उठल्या. देवघरातली एक पणती घेतली, तेल घातलं आणि गॅलरीच्या कोपऱ्यात लावली. मुलाने आतून विचारलं, "आई, आज काय आहे?"

नाव ओठांपर्यंत आलं. "काही नाही रे. मुली क्लासवरून येतात, जिन्यात अंधार असतो."

"लाईट आहे की," म्हणत तो आत गेला.

त्यांनी पणतीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही.

मग कस्तुराबाईंचा आवाज आला.

"लई लांब लावलीस, बाई."