मामांच्या ट्रम्पेटचं पाणी

ट्रम्पेटमध्ये फुंकलेलं सगळंच बाहेर येत नाही. थुंकी, चहा, पानाचा चोथा असं काहीबाही नळ्यांच्या वळणांत साठत जातं. आमच्या बँडचे किस्सेही असेच साठलेत. दर रविवारी सकाळी शुक्रवार पेठेतल्या माझ्या अंगणात सगळ्यांची ट्रम्पेटं धुवायला येतात आणि पाण्याबरोबर एखादा किस्सा हमखास बाहेर पडतो! एरवी मी चिंचोळी एमआयडीसीत क्लार्क, लग्नसराईत बँडवाला. अंगणातला नळ आमचा, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

*

ट्रम्पेटची बटणं सरकायला खास तेल लागतं. एकदा ते संपलं, म्हणून मी डोक्याचं खोबरेल घातलं. घरात बटणं झकास चालली. दुसऱ्या दिवशी अकलूजला सकाळचं लग्न, कडाक्याची थंडी. नवरदेव घोड्यावर बसला, बँडच्या मालकांनी हात वर केला, आणि माझी तिन्ही बटणं खाली गेली ती वर येईचनात. खोबरेल गोठलं होतं! नवऱ्याचा बाप माझ्याकडे बघतोय आणि मी ट्रम्पेट काखेत धरून ऊब देतोय. वरात देवळापर्यंत पोचली तेव्हा कुठं एक बटण हललं.

मालक परतीच्या गाडीत एवढंच म्हणाले, "आता उद्यापास्नं डोक्याला ट्रम्पेटचं तेल लाव."

*

मग माझ्या बायकोनं, सुनंदानं, मदत करायची म्हणून माझं ट्रम्पेट समई-निरांजनाबरोबर चिंचेनं घासून काढलं. वरचा सोनेरी मुलामा जागोजागी उडाला. मालक आले, ट्रम्पेट उलटंसुलटं करून बघायला लागले.

सुनंदा शांतपणे म्हणाली, "देव घासते तसंच घासलं. देवांनी कधी तक्रार केली नाही."

मालकांनी ट्रम्पेट माझ्या हातात दिलं आणि चहा मागितला.

*

मालकांची तपासणी म्हणजे परीक्षाच. खुर्ची टाकून, बशीत चहा ओतून बसायचे. एकेकाच्या ट्रम्पेटमध्ये कोमट पाणी घालायचं, हलवायचं आणि पांढऱ्या टबात ओतायचं. टबात काय पडतं ते मालक वाकून बघणार. पान सोडल्याची शपथ घेतलेल्या दत्तूच्या ट्रम्पेटमधून लालभडक पाणी आलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

पण पुढच्याच रविवारी एकाचं पाणी अगदी स्वच्छ निघालं. आठवड्यात दोन लग्नं वाजवून आलेला गडी! म्हणजे हा नुसते गाल फुगवत होता. मालकांनी त्याचा बँडचा लाल कोट तिथंच काढून घेतला. "फुंकत न्हाई त्याला कोट न्हाई," म्हणाले. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

*

गुरुनाथमामा आमच्यात सगळ्यात म्हातारे. मामा म्हणजे सगळ्या बँडचे मामा. मला फुंकायला त्यांनी शिकवलं, मालकांनाही त्यांनीच. गेल्या दिवाळीत त्यांनी वरची कवळी बसवली. त्यानंतर एका रविवारी ते लवकर आले आणि मी सहज त्यांचं ट्रम्पेट धुवायला घेतलं. टबात पडलेलं पाणी पिण्याइतकं नितळ होतं.

मी मामांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. "कवळी बसल्यापास्नं व्हटावर जोर धरवत न्हाई. पर कोट गेला तर सकाळी उठून मी कुटं जाऊ?"

मालक यायला अर्धा तास होता. सुनंदा पुढं झाली, माझ्या ट्रम्पेटमधलं घाण पाणी पेल्यात घेतलं आणि मामांच्या ट्रम्पेटमध्ये ओतलं. त्या दिवशी निभावलं. मग दर रविवारी मालक यायच्या आत आम्ही हेच करायला लागलो.

*

परवाच्या रविवारी मालक तासभर आधीच आले. मामा नुकतेच ट्रम्पेट कट्ट्यावर ठेवून बाकीच्यांना बघायला कोपऱ्यापर्यंत गेले होते. आमचं अजून काहीच झालं नव्हतं. सुनंदानं मालकांना चहा दिला आणि आत येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली. मामांचा कोट आज जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. अंगणात मालक एकटेच. ते उठले. रस्त्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मामांचं ट्रम्पेट उचललं, बशीतला उरलेला चहा त्यात ओतला, ट्रम्पेट होतं तसं ठेवलं आणि परत खुर्चीवर बसले.

थोड्या वेळानं सगळे जमले. "आधी मामांचं घे," मालक मला म्हणाले. मामा भिंतीला टेकून उभे होते, डोळे मिटलेले. मी पाणी घातलं, हलवलं, ओतलं. टबात काळपट तपकिरी पाणी पडलं.

मालक वाकून बराच वेळ बघत राहिले.

"मामा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लई फुंकताय. जरा दमानं घ्या की."