लाइट तर गेलीच होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या समीरला तर नाहीच. आत्ता पहिल्यांदाच लिहिते.

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका खोलीत समीरनं आणि मी कोड एडिटर बनवला. प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, डेस्कटॉपवर चालणारं, मेनू सगळे मराठीत. ओपन सोर्स—म्हणजे आतली ओळन् ओळ कुणीही उघडून वाचावी. कुणीही! याचा मला केवढा अभिमान होता. आणि पुढं याचीच केवढी धास्ती बसली...

इचलकरंजीचे शंकरअण्णा तो वापरायचे. ते जॉबर, यंत्रमाग दुरुस्त करणारे. पन्नाशीत प्रोग्रामिंग शिकले. मेनू मराठीत दिसले म्हणून हिंमत केली, असं फोनवर सांगायचे. कुठल्या मागाचं कधी काय बिघडलं याच्या नोंदी ठेवायच्या आणि पुढचा बिघाड आधीच ओळखायचा, असा प्रोग्राम ते लिहीत होते. शिफ्ट संपली की बसायचे. आठ महिने.

त्याच सुमारास मला एक घाई झाली होती. मोठी फाइल सेव्ह करताना एडिटर जरासा अडखळायचा. आधी नवी प्रत पूर्ण लिहायची, मगच जुनी काढायची, अशी रीत होती; म्हणजे काही झालं तरी एक प्रत शाबूत राहायची. मी ती बदलली—जुनी फाइल आधी रिकामी करायची, मग तिच्यातच नवं लिहायचं. समीर म्हणाला, "मधेच लाइट गेली तर?" मी म्हणाले, "बघू की." बघितलं का? नाही. तशीच नवी आवृत्ती लोकांसाठी सोडली.

दहा दिवसांनी अण्णा एसटीनं आले. चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरून. समीर नेमका बाहेर होता. मी फाइल उघडली. एक अक्षर नाही. दुसरी प्रत? तीही नव्हती.

"सेव्ह केलं आणि लाइट गेली बघा," अण्णा म्हणाले. "माझं काय चुकलं, ताई?"

मला त्याच क्षणी कळलं. उत्तर दोनच शब्दांचं होतं—माझं चुकलं. का नाही म्हणाले? बाहेर पडलं ते हे: "अण्णा, लाइट गेली की कुठल्याही एडिटरमध्ये असंच होतं. तुम्ही दुसरीकडं प्रत ठेवायला पाहिजे होती."

खोटं. पण लाइट तर गेलीच होती—म्हणून बोलायला इतकं सोपं गेलं.

अण्णा मान हलवत राहिले. "व्हय, माझंच चुकलं की. उगं तुमचा वेळ खाल्ला." म्हणजे माफी त्यांनी मागितली—माझी! डबा उचलून जिना उतरले. मी हात लावायलाही उठले नाही.

त्याच दुपारी मी जुनी रीत परत आणली. बदलाच्या नोंदीत लिहिलं, "किरकोळ सुधारणा." त्या दहा दिवसांत आणखी किती जणांच्या फाइली गेल्या असतील? माहीत नाही. मी कुणाला विचारलंच नाही. नवी मेल आली की अजून वाटतं—कुणी आधीच्या बदलाची नोंद आणि ही नोंद शेजारी शेजारी ठेवून वाचली तर? दोन्हींवर माझंच नाव आहे.

गेल्या वर्षी अण्णांना फोन लावला. आज सांगायचंच, असं ठरवून. मागून मागांचा खडखडाट, ते ओरडून बोलत होते. प्रोग्राम परत लिहिला का, विचारलं.

"न्हाय हो ताई! कॉम्प्युटर भाचीला देऊन टाकला. आपल्याला न्हाय जमत ते. डोकं लागतंय त्याला. व्हय का न्हाय?"

मला ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी परत, मोठ्यानं विचारलं, "व्हय का न्हाय, ताई?"

"हो," मी म्हणाले.